जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी: खानापूर तालुक्यातील एका शिक्षकाचा अभिप्राय

लॅपटॉप संथ झाला म्हणून नवा घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी त्यातील हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारे साधन, बसवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि पत्रव्यवहार ज्या जुन्या लॅपटॉपवर होतो, त्यात मी साटा जोडणीची (हार्ड डिस्क जोडण्याचीच ती पद्धत), अडीच इंची, ४८० जीबीची एसएसडी बसवून घेतली. विंडोज सुरू होण्याची रेंगाळ आता राहिलेली नाही आणि मोठी निकालपत्रकेही चटकन उघडतात.

हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि ते टोक योग्य पट्ट्यावर सरकण्याचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो. विंडोज सुरू होताना तबकडीवर विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचल्या जातात. प्रत्येकीसाठी ही प्रतीक्षा करावी लागल्याने प्रोसेसर बराच काळ नुसता थांबून राहतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. फ्लॅश चिपमधील विद्युतभार वाचायचा असल्याने तीच माहिती मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात मिळते. वेष्टनावर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा वेग मोठ्या फाइलीच्या सलग वाचनाचा असतो. रोजच्या कामात जाणवतो तो मुख्यतः ही प्रतीक्षा संपल्याचा फायदा.

बेळगावातील ज्या लहानशा दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून घेतले, तेथील सेवेबद्दल समाधान नोंदवले पाहिजे. तंत्रज्ञाने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर उतरवली, त्यामुळे विंडोज, मराठी टंकलेखनाची मांडणी आणि सर्व फायली होत्या तशाच राहिल्या. ‘सर, जुनी डिस्क लगेच पुसू नका, सगळं नीट चालतंय का बघा आधी,’ असे त्याने स्वतःहून सांगितले. ग्राहकाच्या माहितीची अशी काळजी घेणारा माणूस भेटणे मला किमतीतील सवलतीपेक्षा महत्त्वाचे वाटते. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून त्याने परत दिली आणि ती मी आता शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वापरतो. अशी दुसरी प्रत हवीच, कारण एसएसडीवर पुसलेली फाइल परत मिळवणे फार कठीण असते: मोकळ्या झालेल्या जागेची सूचना संगणक एसएसडीला देतो आणि ती जागा आतल्या आत साफ केली जाते.

मात्र एसएसडीने सर्वच अडचणी सुटत नाहीत. चार जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) असलेल्या यंत्रावर ब्राउझरची अनेक पाने एकदम उघडली, तर वेग पुन्हा मंदावतो. तेथे रॅमच वाढवावी लागते. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल, तर एसएसडी बसवल्याने तो बसू लागत नाही. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत संगणकप्रणाली घालता येते आणि देवनागरी टंकलेखनासाठी कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणी तेथेही मिळते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरी निकामी असलेला लॅपटॉप तत्क्षणी बंद पडतो आणि लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. त्या धोक्यापासून एसएसडी वाचवत नाही. बॅटरी गेलेली असेल, तर तिचा खर्च याच कामात धरावा.

खरेदी करताना पक्के बिल, वॉरंटीची मुदत आणि टीबीडब्ल्यू हा आकडा पाहावा. एसएसडीवर एकूण किती टेराबाइट माहिती लिहिली जाईपर्यंत कंपनी हमी देते, हे त्यातून कळते. अपरिचित नावाची, अविश्वसनीय वाटावी इतक्या स्वस्त दराची एसएसडी घेऊ नये, कारण खोटी क्षमता दाखवणारा मालही बाजारात असतो. ४८० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४४७ जीबी दिसते, यात मात्र फसवणूक नाही: कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख.