डॅनिश साइडबोर्ड: सागवान की रोजवुड?

1950-60 च्या दशकातले डॅनिश साइडबोर्ड (लांब, बुटकी कपाटं) जमवायचे तर माझं मत सरळ सागवानाला, कारण माल भरपूर मिळतो, भाव त्यामानाने आवाक्यात असतो आणि लाकूड कोरडं दिसायला लागलं तर तेलाचा हलका हात फिरवला की छान उजळतं. रोजवुडच्या काळपट रेषा बघून जीव अडकतो हे खरंय (आपल्या शिसवीचंच भावंड ते), पण ब्राझिलियन रोजवुड 1992 पासून साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणजे जुना पीस असला तरी देशाबाहेर न्यायला कागदपत्रं हवीत, ती नसतील तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या. दोन्हीत बहुतेकदा वर पातळ व्हिनियरच (चिकटवलेला लाकडाचा थर) असतं, म्हणून सँडर (लाकूड घासायचं मशीन) अजिबात लावू नका प्लीज, आणि घेण्याआधी कडा नीट तपासा.