सीईटीनंतरचे दोन महिने: क्लास, ब्रिज कोर्स, एनपीटीईएल की बालभारतीचं पुस्तक?

जूनमध्ये मंचरकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. सीईटीला ९४ पर्सेंटाइल. वडिलांच्या पिशवीत तीन क्लासची रंगीत पत्रकं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची बॅच आत्ताच लावायची की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी मुलापुढे कोरा कागद सरकवला आणि वर एक ओळ लिहिली: एक भागिले कंसात एक्स वर्ग वजा एक, इंटिग्रेट कर. त्यानं पाच मिनिटं पेन फिरवलं, कागदाच्या मागच्या बाजूलाही पाहिलं, आणि मग हळूच म्हणाला, "मॅम, ऑप्शन?"

मी हसले नाही. चार पर्याय समोर असते तर एकेकाला डिफरन्शिएट करून त्यानं अर्ध्या मिनिटात बरोबर उत्तर काढलं असतं. दोन वर्षं त्याच्याकडून तेच घोटून घेतलं होतं. अपूर्णांक तोडून, ओळीमागून ओळ लिहून उत्तरापर्यंत जायची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

नारायण पेठेत मी पहिल्या वर्षाच्या मुलांना एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचं गणित, शिकवते. म्हणजे बॅच लावा असं सांगण्यात माझा फायदाच आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी दरवर्षी निम्म्याहून जास्त पालकांना मी परत पाठवते. का, ते खाली.

सीईटी काय सांगते, काय नाही

पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाच्या सीईटीत ३ तासांत १५० प्रश्न असतात. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या प्रश्नांचे पर्याय डोळे मिटून निवडले तरी नुकसान नाही. आणि ९४ पर्सेंटाइल म्हणजे ९४ टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातले शंभरातले ९४ जण तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. रांगेत तुम्ही कुठे उभे आहात ते त्यावरून कळतं. गणित किती येतं ते कळत नाही.

त्यात अकरावीचा वाटा २० टक्के, तोही निवडक धड्यांवर. मग क्लासवाले आणि मुलं दोघंही अकरावी उरकून टाकतात. पण ट्रिग्नॉमेट्री, कॉम्प्लेक्स नंबर, डिटर्मिनंट, लिमिट हे सगळं अकरावीचंच सामान. एम-वनमध्ये पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रिसेस सुरू झाले की तेच पावलोपावली लागतं. पहिल्या सेमिस्टरला केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, मुलांच्या वह्या मी पाहते, तेव्हा नवीन धडा क्वचितच अडलेला असतो. अडतो तो अकरावीचा एखादा फॉर्म्युला, किंवा मॅट्रिक्समधलं एक उलटं चिन्ह.

दहावीला पूर्वी होणारी कल चाचणी किंवा पेठेतल्या संस्थांमधली अभिक्षमता चाचणी हा वेगळा विषय. त्यातून ओढा कळतो, तयारी कळत नाही. पालक ही गल्लत फार करतात.

पैसे भरण्याआधी ४० मिनिटं

कुठलाही पर्याय निवडण्याआधी घरी एक परीक्षा घ्या. रेघांचे कागद, पेन, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाच गोष्टी करायच्या. एक इंटिग्रेशन सगळ्या पायऱ्यांसह. एक्सचा एक्सवा घात डिफरन्शिएट करणं, आणि आधी लॉग का घेतला ते एका वाक्यात लिहिणं. तीन चलांची समीकरणं मॅट्रिक्सनं सोडवणं. एखादी ट्रिग्नॉमेट्रीची आयडेंटिटी सिद्ध करणं. आणि फिजिक्सच्या पुस्तकातलं अर्धं पान वाचून त्यात काय म्हटलंय ते स्वतःच्या शब्दांत लिहिणं, मराठीत लिहिलं तरी चालेल.

तपासताना उत्तराआधी मधल्या ओळी बघा. विद्यापीठाच्या ७० गुणांच्या लेखी पेपरात गुण त्याच ओळींना मिळतात.

यातून साधारण तीन प्रकारची मुलं दिसतात. पहिल्याला सगळं येतं, पण लिहिता येत नाही. मंचरचा मुलगा तसा. दुसऱ्याची अकरावीच कोरी असते. तिसऱ्याला गणित येतं, पण इंग्रजी प्रश्नच कळत नाही. पर्याय या तिघांपैकी आपण कोण त्यावर ठरवायचा. शेजारच्या मुलानं काय लावलं त्यावर नाही.

कॉलेजचं इंडक्शन आणि ब्रिज कोर्स

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेनं, आखून दिला आहे. बाकी शाखांसाठी यूजीसीनं २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' आणला. कागदावर यात खूप काही आहे: मानवी मूल्यं, खेळ, शाखेची ओळख, पाहुण्यांची व्याख्यानं, आणि कच्च्या मुलांसाठी विषयाची उजळणी. प्रत्यक्षात कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेऱ्या, लांबले की हे तीन आठवडे दहा दिवसांवर येतात, आणि सगळ्यात आधी कापली जाते ती उजळणी. व्याख्यानं मात्र होतात.

पण जिथे गणित विभागाचेच शिक्षक पंधरा-वीस तास ब्रिज कोर्स, म्हणजे अकरावी-बारावीची उजळणी, घेतात, तिथे तो सोडू नका. पुढे तुमचा पेपर तपासणारी तीच माणसं असतात. कुठली पायरी गाळलेली त्यांना चालत नाही, हे बाहेरचा कुणी सांगू शकत नाही. शिवाय वेगळे पैसे नाहीत. प्रवेश घ्यायला गेलात की ऑफिसात विचारू नका, तिथे 'हो, असतो' एवढंच ऐकायला मिळेल. दुसऱ्या वर्षातल्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठा आणि गेल्या वर्षी किती तास झाले ते विचारा.

पहिल्या प्रकारच्या मुलाला हे पुरतं. दुसऱ्या प्रकारच्याला नाही. अख्ख्या अकरावीचं भगदाड पंधरा तासांत बुजत नाही.

खासगी बॅच

फायदा खराखुरा आहे: वेळ ठरलेली, शंका विचारायला समोर माणूस, आणि बरोबरीची पोरं. एकट्यानं बसवत नाही अशा मुलाला हे लागतंच. पण जूनमध्ये सुरू होणारी बॅच काय शिकवणार ते नीट ऐका. 'एम-वनची दोन युनिट आधीच संपवतो' असं म्हणत असतील तर दुसऱ्या प्रकारच्या मुलानं तिथून उठावं. ज्याला लिमिट येत नाही त्याला पार्शल डिफरन्सिएशन दोन महिने आधी दाखवून काय होणार? 'पहिला महिना अकरावीचा' असं कुणी म्हणालं तर बसा.

आणखी एक. पुण्यातली बरीच कॉलेजं आता स्वायत्त आहेत, त्यांचा अभ्यासक्रम आणि पेपरची पद्धत विद्यापीठापेक्षा वेगळी असू शकते. कॉलेज नक्की व्हायच्या आत भरलेली फी म्हणजे अर्धा जुगार. माझ्या भाच्यानं अशीच घाईत फी भरली होती. ऑगस्टमध्ये शिकवणारे सर सोडून गेले आणि बॅच रेकॉर्डेड व्हिडिओवर आली. पैसे परत मागायला बहिणीनं चार चकरा मारल्या. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलेलं होतं, आम्ही ते वाचलंच नव्हतं. तेव्हा हप्त्यानं भरा, पावती वाचा, आणि शिकवणारा माणूस कोण ते विचारा. भिंतीवरचे फोटो नव्हे, मंगळवारी संध्याकाळी सहाला फळ्यासमोर कोण उभं असणार ते.

एनपीटीईएल आणि स्वयम

आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचं शिकवणं, ऑनलाइन आणि फुकट. एनपीटीईएल २००३ पासून आहे, स्वयम २०१७ पासून. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे, दर आठवड्याला असाइनमेंट. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची, आणि त्यात साधारणपणे असाइनमेंटला २५ टक्के, केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन.

माझं मत: बारावीनंतर लगेच हे फार थोड्यांना झेपतं. प्राध्यापक उत्तम, पण अकरावी पक्की आहे असं धरून चालतात. पहिल्या आठवड्यात उत्साह, तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ दुप्पट वेगानं, पाचव्या आठवड्यात बंद, घरोघरी हेच. ज्याची ४० मिनिटांची परीक्षा स्वच्छ गेली त्यानं खुशाल घ्यावं, पण गणिताऐवजी प्रोग्रॅमिंगचा कोर्स घ्यावा.

इथे आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्सचं नाव घ्यायलाच हवं. २०२० मध्ये सुरू झालेल्या या पदवीला जेईई लागत नाही. आधी चार आठवडे इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कम्प्युटेशनल थिंकिंग शिकवतात, दर आठवड्याला असाइनमेंट घेतात आणि मग तेवढ्यावरच केंद्रात बसवून क्वालिफायर परीक्षा घेतात. शिकवलेलं शिकता येतं का, एवढंच त्यात बघतात. तयारीची परीक्षा म्हणावी तर ही. पुढे ती पदवी करायची नसेल तर फी भरून बसण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण 'मला स्वतःहून अभ्यास जमतो का' हा प्रश्न खरोखर छळत असेल, तर चार आठवड्यांत त्याचं उत्तर मिळतं.

बालभारतीचं पुस्तक

सगळ्यात स्वस्त आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलासाठी माझी पहिली पसंती. अकरावीच्या गणिताची बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात. छापील हवीत तर अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणांसकट. त्या खुणांवरही विश्वास ठेवू नका, निम्म्या चुकीच्या असतात.

सहा आठवडे, रोज दोन तास, वही भरायची. गाळायचं काय हेही सांगते: सेट्स, स्टॅटिस्टिक्स, प्रोबॅबिलिटी आत्ता सोडा. ट्रिग्नॉमेट्री, कॉम्प्लेक्स नंबर, डिटर्मिनंट-मॅट्रिसेस, लिमिट आणि डिफरन्सिएशन एवढंच. आठवड्यातून एकदा कुणीतरी वही तपासली पाहिजे. कॉलेजातला सीनियर चालेल, त्याला वडापाव पुरतो. ही तपासणी नसेल तर हा पर्याय कोसळतो, कारण स्वतःची गाळलेली ओळ स्वतःला दिसत नाही.

भाषा अडत असेल तर

इथे लोक इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला धावतात. तिथे मुलाखतीत स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. पहिल्या वर्षाच्या पेपरला त्याचा काडीचा उपयोग नाही. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठीत, असं ज्यांचं झालं त्यांना 'हेन्स डिड्यूस' किंवा 'शो दॅट' म्हटल्यावर नक्की काय लिहायचं ते कळत नाही. जुन्या पेपरांतून अशी तीस-चाळीस क्रियापदं काढा, शेजारी मराठीत अर्थ लिहा. दोन आठवड्यांचं काम. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगनं २०२१-२२ मध्ये कॉम्प्युटरची पदवी मराठी माध्यमातून सुरू केली. मराठीतून शिकायचंच असेल तर कॅपचे पर्याय भरताना अशा जागा बघून ठेवा, नंतर नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना वरचं फारसं लागू नाही. त्यांच्यापुढे एकदम एम-थ्री उभा राहतो आणि पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी पाहिलेलंच नसतं. पदरचे पैसे घालून बॅच लावावी असं मी बिनधास्त सांगते ते फक्त यांना.

मंचरच्या मुलाला मी पत्रकं घडी घालून ठेवायला सांगितली. त्यानं अकरावीची दोन्ही पुस्तकं घेतली, कॉलेजच्या ब्रिज कोर्सला बसला, आणि दर शनिवारी एसटीनं येऊन वही दाखवून गेला. इनसेमचा, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचा, पेपर मिळाल्यावर पुन्हा आला. ३० पैकी १९. एका गणितापाशी बोट ठेवून म्हणाला, "उत्तर बरोबर आहे मॅम, तरी एक मार्क कापला." मी पाहिलं. मधली एक ओळ गाळली होती.