डीफॉगरच्या रेषा जोडायला 'सिल्व्हर पेंट' मागवला आणि चांगली चालणारी जाळीही बंद पडली

कुणी गाडीच्या मागच्या काचेचा डीफॉगर (काच तापवून धुकं घालवणाऱ्या बारीक रेषांची जाळी) घरी दुरुस्त करायच्या विचारात असेल आणि त्यासाठी ऑनलाइन ती छोटी पेंटची बाटली मागवणार असेल तर आधी हे वाचा. थोडं लांबेल, पण सगळं सांगतो कारण मला ज्या क्रमाने फसवलं तो क्रमच महत्त्वाचा आहे.

माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर बारा आडव्या रेषा आहेत. जुनी फिल्म काढताना फिल्मच्या गोंदाबरोबर तीन रेषा मध्येच निघून आल्या. या रेषा काचेच्या आतल्या बाजूला असतात, चांदी मिसळलेल्या पेस्टच्या, काच बनवतानाच भाजून चिकटवलेल्या, आणि दोन्ही कडांना उभ्या जाड पट्ट्या असतात त्यांच्यामधून करंट जातो. प्रत्येक रेषा स्वतंत्र जोडलेली असल्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या चालू राहतात. म्हणजे माझ्या नऊ रेषा व्यवस्थित चालत होत्या हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे. पण बंद तीन नेमक्या आरशातून जिथे बघतो तिथल्याच, आणि पावसात रिव्हर्स घेताना एकदा मागे सायकलवरचं पोरगं मला दिसलंच नाही, ते ओरडलं म्हणून ब्रेक मारला. त्या रात्री ठरवलं की हे आता करायचंच.

तुटकी जागा शोधणं सोपं आहे, ते मी बरोबर केलं. डीफॉगर चालू करून मल्टीमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचं मीटर) डीसी व्होल्टवर, काळा प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) अर्थच्या बाजूच्या पट्टीवर, लाल प्रोब रेषेवरून हळूहळू सरकवत न्यायचा (टोकाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, नाहीतर रेषा खरवडते). चांगल्या रेषेवर व्होल्टेज हळूहळू उतरतं, मध्यावर साधारण 6 येतं. तुटलेल्या रेषेवर 12 च्या आसपास दिसत राहतं आणि एका जागी एकदम शून्य, तिथेच तुटलंय.

मग बाटली मागवली. जाहिरातीत लिहिलेलं शुद्ध चांदीचा कंडक्टिव्ह पेंट, व्हिडिओत धुकं झरझर निघून जाताना दाखवलेलं, आणि माल परत करायची मुदत सात दिवस. सात दिवस, हा आकडा लक्षात ठेवा.

काच अल्कोहोलने पुसली, रेषेच्या वर-खाली मास्किंग टेप लावली, तुटलेल्या जागेवर आणि दोन्ही बाजूंना थोडा चांगल्या रेषेवर चढेल असा पातळ हात दिला, वाळल्यावर दुसरा दिला. दुसऱ्या दिवशी चालू केलं, काही नाही. विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं, अगदी आदराने, "सर, पूर्ण चोवीस तास वाळू द्या." आता हे खोटं नाहीये! खऱ्या पेंटलाही एवढा वेळ द्यावाच लागतो. म्हणून थांबलो. मग म्हणे बाटली नीट हलवली नसेल, चांदी तळाशी बसते, परत लावा. हेही खरंच असतं. परत लावलं, परत चोवीस तास. मग म्हणे हेअर ड्रायरने गरम करा. तेही लोक करतात. प्रत्येक सल्ला असा की माहीतगार माणूससुद्धा मान डोलावेल, आणि प्रत्येक सल्ल्यात एकदीड दिवस जातो. मला त्या माणसाचा राग येतो तो यासाठीच, त्याला या कामातलं सगळं ठाऊक होतं आणि ते ज्ञान त्याने दिवस घालवायला वापरलं.

सहाव्या दिवशी त्याने काचेचा फोटो मागितला. फोटोवर कडेच्या पट्टीवर जिथे वायर लागते त्या धातूच्या टॅबभोवती लाल गोल करून पाठवला आणि लिहिलं की सर तुमचा टॅब लूज आहे, म्हणून करंट पोचत नाही, पेंटचा दोष नाही, टॅब काढून आमच्या कंडक्टिव्ह ग्लूने परत चिकटवा. इथे मी थांबायला हवं होतं. टॅब लूज असता तर बाकीच्या नऊ रेषा कशा चालल्या असत्या? एवढा साधा प्रश्न त्या क्षणी सुचला नाही कारण आठवडाभर त्याच माणसाचं ऐकत होतो आणि तो इतका नीट बोलत होता. ग्लू मागवला. तो येईपर्यंत पेंट परत करायची मुदत संपली.

टॅब किंचित हलवला तर निघाला, पूर्ण निघाला. कंपनीत सोल्डर केलेला चांगला जोड मी स्वतःच्या हाताने तोडला. ग्लूने चिकटवला, घट्ट बसला, वाळू दिला, स्विच दाबला. आता बाराच्या बारा रेषा बंद. विक्रेत्याचं उत्तर आलं की तुमची काचच खराब झालीय, काच बदलून घ्या, आणि त्यानंतर त्याने उत्तर देणं बंद केलं.

एक मित्र इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, त्याला दाखवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "अरे, पेंट मोजलास का?" मी रेषा मोजल्या होत्या, व्होल्टेज मोजलं होतं, फ्यूज बघितला होता, पण बाटलीतला माल मोजला नव्हता. त्याने काचेच्या एका तुकड्यावर त्या पेंटची बोटभर लांब रेघ ओढली, पूर्ण वाळू दिली आणि मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना प्रोब टेकवले. मीटर हललंच नाही, मध्ये काही नसल्यासारखं. ग्लूचा थेंब वाळवून मोजला, तेच. साधा झटपट चिकटणारा गोंद, त्यातून करंट जातच नाही, टॅब आणि पट्टीच्या मध्ये मी उलट इन्सुलेशन भरलं होतं. पेंट बहुतेक ॲल्युमिनियमच्या भुकटीचा साधा चंदेरी रंग असावा असं तो म्हणाला. त्यात प्रत्येक कणावर ऑक्साइडचा थर असतो, वरून रंग धरून ठेवणारा बाइंडर, त्यामुळे दिसायला चांदी पण करंट शून्य.

नंतर त्याच्याकडचा खरा पेंट तशाच रेघेत मोजला तर दोन प्रोब एकमेकांना टेकवल्यावर मीटर जेवढं दाखवतं त्याच्या जवळपास रीडिंग. फरक इतका स्पष्ट आहे की मीटर वापरायची फार माहिती नसली तरी कळेल. आणि हे महत्त्वाचं का, तर पूर्ण जाळीतून 12 व्होल्टवर 10 ते 20 अँपिअर करंट जातो, एकेका रेषेच्या वाट्याला साधारण एक अँपिअर येतो, अर्धवट करंट जाऊ देणारा पेंट असेल तर तो जोडच तापेल, काच नाही.

म्हणून बाटली आली की गाडीला हात लावायच्या आधी हे करा: काचेच्या तुकड्यावर किंवा टाइलवर रेघ ओढा, वाळवा, मोजा. रीडिंग नसेल तर त्याचा सलग व्हिडिओ घ्या, बाटलीचं लेबल त्यातच दिसू द्या, आणि विक्रेत्याशी गप्पा न मारता थेट परतीची रिक्वेस्ट टाका. विक्रेत्याचा सल्ला ऐकायचा तर ती रिक्वेस्ट टाकल्यानंतर ऐका. आणि काही रेषा चालू असतील तर टॅब, वायर, फ्यूज, रिले (डीफॉगरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) यांना कुणाच्या सांगण्यावरून हात लावू नका. सगळीच जाळी बंद असेल तेव्हाच तिकडे बघायचं. डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटते, तेही तेव्हाच.

माझं पुढे असं झालं. नकली पेंट ॲसिटोन लावलेल्या कापसाने पुसून काढला, प्लॅस्टिकला लागू न देता. टॅब मित्राने दोन भाग मिसळायच्या कंडक्टिव्ह इपॉक्सीने बसवला, सोल्डरला तो नको म्हणाला कारण जास्त उष्णता लागली तर पट्टी उखडते, काचही तडकू शकते. रेषा खऱ्या पेंटने जोडल्या. मीटरच्या व्हिडिओवरून ग्लूचे पैसे परत मिळाले, त्याची मुदत शिल्लक होती. पेंटचे मिळाले नाहीत. बारापैकी अकरा रेषा चालतायत, एका रेषेचा तुटलेला भाग वीतभर आहे, तिथे पेंट परत लावायचा आहे, सध्या तेवढी एक पट्टी धुक्याचीच राहते.