स्वादुपिंडात सिस्ट निघाली: आधी रक्त तपासायचं की एमआरआय काढायचा?

पोट दुखतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली, रिपोर्टात स्वादुपिंडात सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, निघाली. की दोन सल्ले मिळतात. लॅबवाला म्हणतो, "भाऊ, कॅन्सरचं रक्त तपासून घ्या, इथंच होते." डॉक्टर म्हणतात, सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठा, एमआरआय काढा. इकडे एक सुई आणि थोडके पैसे. तिकडे त्याच्या कितीतरी पट खर्च, एसटीचे धक्के आणि ऐन वेचणीत बुडालेला दिवस. तरीही खिशात एकाच तपासणीचे पैसे असतील, तर माझं मत एमआरआयला.

रक्तातला मुख्य मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून मोजला जाणारा पदार्थ, सीए १९-९. रिपोर्टवर ३७ पर्यंत नॉर्मल लिहिलेलं असतं. समजा ५२ आला, शेजारी वर जाणारा बाण. घरात रडारड सुरू. पण कावीळ, पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाची सूज, हाताबाहेर गेलेली साखर, यांनीही हा आकडा चढतो. काविळीत तर शेकड्यांत जातो आणि कावीळ उतरली की खाली येतो. बरं, नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही. शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात हा पदार्थ जवळपास बनतच नाही, आणि सिस्टमधले सुरुवातीचे बदल तो बहुतेकदा दाखवत नाही.

दुसरा मार्कर सीईए. तो बिडी ओढणाऱ्यात तसाही थोडा जास्त निघतो. मोबाईलवर वाचून लोक सीईएची मर्यादा म्हणून १९२ हा आकडा धरून बसतात. तो सिस्टमधल्या पाण्याचा आहे, रक्ताचा नाही. ते पाणी दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईने काढतात. त्यातूनही सिस्ट चिकट स्रावाची आहे का एवढंच कळतं, कॅन्सर आहे का ते नाही.

एमआरआयमध्ये, त्यातही एमआरसीपीमध्ये (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय), सिस्ट स्वादुपिंडाच्या मुख्य नळीला जोडलेली आहे का, नळी किती फुगली, आत घट्ट गोळा आहे का, हे दिसतं. नळी १० मिलिमीटर किंवा जास्त, आत ५ मिलिमीटर किंवा मोठा, रक्तपुरवठा असलेला गोळा, किंवा सिस्टच्या दाबाने कावीळ: यातलं एकही असेल तर सर्जनला गाठायचं. सिस्ट ३ सेंटिमीटर किंवा मोठी, वा नळी ५ ते ९ मिलिमीटर असेल, तर दुर्बिणीची तपासणी. काहीच नसेल तर ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन. अर्थात, प्रत्येक सिस्टची जात एमआरआयही सांगत नाही.

सीए १९-९ करायचाच तर एमआरआयनंतर, कावीळ नसताना. स्कॅनमध्ये काही खटकलं असेल तेव्हा वाढलेल्या आकड्याला वजन येतं. डॉक्टरांच्या मार्गदर्शक नियमांतही तो धोक्याच्या खुणांपैकी एक धरतात.

जाताना सोनोग्राफीची फिल्म घ्या, आणि पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर तेव्हाचं डिस्चार्ज कार्डही. अशा सुजेनंतर साचलेलं पाणी ही वेगळीच गोष्ट असते. पैसे भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा.