मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मर्फीचं निळं पुस्तक: फक्त प्रिपोझिशन्सपुरतं

मी घरी नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. काळ, प्रयोग हे मुलं पाठ करून निभावून नेतात. मार्क जातात ते इन, ऑन, ॲट या प्रिपोझिशन्समध्ये. त्यासाठी मी रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ वापरते. केंब्रिजचं हे पुस्तक पहिल्यांदा १९८५ साली आलं. माझ्याकडे २०१९ची पाचवी आवृत्ती आहे आणि हे मत तिच्यातल्या प्रिपोझिशन्सवरच्या १२१ ते १३६ या युनिट्सपुरतं, म्हणजे धड्यांपुरतं आहे.

मांडणी सगळ्यांना ठाऊक असेल: डाव्या पानावर समजावणी, उजव्यावर सराव. एका बैठकीत एक युनिट नीट होतं.

पहिलंच युनिट वेळेचं आहे आणि आपल्या मुलांची खरी अडचण तिथेच आहे. आपण रविवारी, सकाळी, रात्री म्हणतो; तिन्हीकडे शेवटी एकच ‘ई’. इंग्रजीत मात्र ऑन संडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट. त्यात सकाळीला वार जोडला की पुन्हा ऑन फ्रायडे मॉर्निंग. आणि ‘पुढच्या रविवारी’ला तर काहीच लागत नाही, नुसतं नेक्स्ट संडे. मुलं हमखास तिथे ऑन घालतात, कारण मराठीतला ‘ई’ कानात असतो. मर्फी हे सगळं एका पानात, छोट्या वाक्यांतून दाखवतात. पुढच्या युनिटमधला ऑन टाइम आणि इन टाइमचा फरकही असाच स्वच्छ आहे: एक ठरल्या वेळेला, दुसरं वेळ निघून जाण्याआधी.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती १२९ पासूनची युनिट्स. रीझन फॉर, अफ्रेड ऑफ, मॅरीड टू, डिपेंड ऑन अशा जोड्याच तिथे दिल्या आहेत. नुसत्या ‘ऑन’चा अर्थ पाठ करून काही हाती लागत नाही. आपण ‘हिच्याशी लग्न’ म्हणतो म्हणून मूल मॅरीड विथ लिहितं. ती चूक नियमाने जात नाही, जोडी तोंडात बसली की जाते. मी या जोड्या मोठ्याने म्हणून घेते.

एक गोष्ट मात्र शिकवणाऱ्याला स्वतः भरावी लागते. प्रिपोझिशनल फ्रेज (प्रिपोझिशनने सुरू होणारा शब्दगट) वाक्यात कोणाला चिकटते, नामाला की क्रियापदाला, यावर या सोळा युनिट्सपैकी एकही नाही. द बुक ऑन द टेबल इज माइन आणि कीप द बुक ऑन द टेबल या दोन्हींत ऑन द टेबल तेच दिसतं, पण काम वेगळं. इथे मराठी मुलाची बाजू भक्कम आहे! ‘टेबलावरचं पुस्तक’ आणि ‘टेबलावर ठेव’ हा भेद ते जन्मापासून करतं. वरचं, आतला, साठीची असं रूप आलं तर ती फ्रेज नामाची. नुसतं वर, आत, साठी आलं तर क्रियापदाची. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली की वर्गाला कळतं.

‘पासून’साठी पुस्तक मागे उलटावं लागतं. ‘दोन वर्षांपासून’ला फॉर आणि ‘२०२० पासून’ला सिन्स, हे काळांच्या भागात बाराव्या युनिटमध्ये आहे. ते १२१च्या आधी करून घ्यावं.

समजावणी सगळी इंग्रजीत आहे, त्यामुळे आठवीच्या खालच्या मुलाला एकट्याला देऊ नये. त्याला याच लेखकाचं सोपं, लाल पुस्तक बरं. घेताना उत्तरांसहित आवृत्ती आहे ना, हे पाहून घ्या; उत्तरांविना छापलेलीही मिळते आणि घरी अभ्यास करणाऱ्याला ती उपयोगाची नाही. पुस्तकाची इंग्रजी ब्रिटिश आहे, म्हणून त्यात ॲट द वीकेंड दिसेल. अमेरिकेतलं ऑन द वीकेंड शेवटच्या परिशिष्टात दिलं आहे. मालिका बघून इंग्रजी शिकलेली मुलं यावर वाद घालतात, त्यांना ते पान उघडून दाखवावं.