इस्त्रीवाल्यालाही माझा हप्ता माहीत होता

कोपरखैरण्यात आमच्या बिल्डिंगखाली इस्त्रीचं दुकान आहे. माझ्या कर्जाचा हप्ता थकलाय, हे त्या इस्त्रीवाल्याला माझ्या सासूबाईंच्या आधी कळलं. वसुलीवाला त्याच्या टपरीवर उभा राहून मोठ्याने फोनवर बोलला होता, मुद्दाम.

वडिलांच्या बायपाससाठी २०२३ मध्ये दीड लाखाचं पर्सनल लोन घेतलं होतं. हप्ता ५,२०० रुपये. पुढे महाप्यातली नोकरी गेली आणि चार हप्ते तुंबले. बँकेचे फोन सुरू झाले, ते ठीक होतं. पण एक वसुलीवाला रोज रात्री साडेनऊनंतरच फोन करायचा. "ताई, शांतपणे सांगतोय. उद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन येऊ का?" ताई म्हणत म्हणत असं.

तेव्हा मला माहीत नव्हतं, की थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेजाऱ्यांत, नातेवाइकांत बदनामी करायलाही. २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय. मी मात्र फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात माफी मागायचे.

मग एका रात्री त्याचा सूर एकदम गोड झाला. ८२,००० बाकी, पण साहेबांशी बोललोय, ३५,००० वर सेटलमेंट करून देतो, फक्त आज रात्री बाराच्या आत. लोन नंबर, हप्त्याची तारीख सगळं त्याने बरोबर सांगितलं. त्यावरच मी भुलले. व्हॉट्सअॅपवर बँकेचं पत्र आलं, त्यात माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. दिसलं होतं मला! म्हटलं, टायपिंगची चूक असेल. पाटल्या मोडून वडिलांसाठी ठेवलेले पैसे बँकेत होते, ते त्याने दिलेल्या यूपीआयवर टाकले. पैसे ज्याला गेले ते नाव एका माणसाचं होतं, बँकेचं नव्हे.

महिन्याने बँकेची नोटीस आली. बाकी ८२,००० च्या वर.

वाशीच्या शाखेत गेले, तर म्हणाले, माझी केस वसुली करणाऱ्या एजन्सीकडून दोन महिन्यांपूर्वीच काढून घेतली होती. मला कोणी कळवलंच नव्हतं. एजंटकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावं लागतं, ते मी कधी मागितलं नाही. आणि समजा सेटलमेंट खरं असतं, तरी क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं, असा शेरा पडतो, पुढचं कर्ज अवघड होतं. हे तर तो कशाला सांगेल?

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण उशीर झाला होता. त्या खात्यात ११,००० सापडले, ते गोठवले. बाकीचे त्याने केव्हाच काढले होते. गोठवलेले मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा पोलीस ठाण्यात सांगितलं. पैसे गेले त्याच रात्री फोन केला असता तर, असं अजून वाटतं.

एक गोष्ट मात्र कामाला आली. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. रात्रीचे सतरा कॉल, तारीख-वेळेसकट, मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केले. लेखीच करा, तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

माझ्या बँकेचं उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं. दंड माफ, हप्ता कमी करून मुदत वाढवली. ३५,००० बद्दल एकच ओळ: सदर व्यक्ती आमची अधिकृत प्रतिनिधी नाही. मग माझा लोन नंबर त्याच्याकडे कसा आला, हे विचारत मी लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. अजून निकाल नाही.

सासूबाईंना मीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर त्याला दारातच चहा पाजून ओळखपत्र मागितलं असतं."