नवीन ट्रॅक्टरचा भाव ठरवताना काय साधले आणि काय हुकले : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रॅक्टर घेऊन आठ महिने झाले असून तासांच्या मीटरवर आज 340 चा आकडा आहे. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही, म्हणून त्याचे गुणगान इथे करत बसत नाही. लिहायचे आहे ते खरेदीपूर्वीच्या तीन आठवड्यांविषयी, कारण भाव करताना मला महत्त्वाच्या वाटलेल्या काही गोष्टी वापरात क्षुल्लक ठरल्या आणि ज्यांकडे मी काणाडोळा केला त्यांनी पुढे खिसा हलका केला.

मी तीन डीलरांकडे गेलो. त्यांपैकी दोन एकाच कंपनीचे होते, आणि हे मुद्दाम केले होते, कारण तेच मॉडेल दोन ठिकाणी मिळत असेल तर भावातला फरक हा निव्वळ डीलरच्या मार्जिनचा असतो. तिन्ही कोटेशन शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र तुलनाच करता येईना. एकात रुंद टायर धरले होते, दुसऱ्यात वाहतूक, नोंदणी आणि विमा मिळून ‘इतर खर्च’ अशी एकच ओळ होती, तर तिसऱ्यात ट्रॉली जोडण्याचा हुकसुद्धा वेगळा विकत घ्यायचा होता. शेवटी मी स्वतःच एक पानभर यादी तयार केली. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर, मिळणारी शक्ती, टायरचे माप, हायड्रॉलिकचे जोड किती, घरपोच वाहतूक, सर्व्हिसिंगमध्ये काय काय धरले आहे, आणि सर्वांत खाली ‘ट्रॅक्टर माझ्या दारात उभा राहीपर्यंतची एकूण रक्कम’ असा रकाना ठेवून ते पान तिघांकडूनही भरून व सही करून घेतले. आधी सर्वांत स्वस्त वाटलेले कोटेशन या पानावर सर्वांत महाग निघाले. माझ्या मते सगळ्या घासाघिशीत खरा फायदा या एका कामाने झाला.

पीटीओचा उल्लेख यासाठी की शोरूममध्ये जो आकडा सांगितला जातो तो बहुधा इंजिनच्या हॉर्सपॉवरचा असतो, आणि अवजार फिरवणाऱ्या शाफ्टपर्यंत पोहोचेस्तोवर त्यातली साधारण 10 ते 15 टक्के शक्ती वाटेतच खर्च होते. जाहिरातीतला आकडा आणि शेतातले काम यांचा मेळ न बसणे ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने विक्रीच्या ट्रॅक्टरांची चाचणी सक्तीची करणारा कायदा 1919 साली केला तो याच कारणाने. दोन मॉडेलांच्या किमतीची तुलना पीटीओच्या आकड्यावर केल्यास ‘थोडे पैसे वाढवा आणि मोठा ट्रॅक्टर न्या’ हा आग्रह बराच पातळ होतो.

डीलरच्या बाजूची गणितेही समजून घेतलेली बरी. आवारात उभे असलेले ट्रॅक्टर अनेकदा डीलरने कर्जावर उचललेले असतात, आणि ठरावीक मुदत उलटली की त्यांवर व्याज चढू लागते. त्यामुळे ‘हा इथे किती दिवसांपासून उभा आहे?’ हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला. एका ठिकाणी विक्रेत्याने उत्तर देण्याऐवजी मॅनेजरकडे पाहिले, आणि माझे उत्तर मला तिथेच मिळाले. तो ट्रॅक्टर मागच्या वर्षीच्या उत्पादनाचा होता. तोच मी घेतला, मात्र नवी बॅटरी आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होईल ही दोन वाक्ये लेखी घेऊनच. कंपनीने दिलेले विक्रीचे लक्ष्य तिमाहीअखेर पूर्ण करायचे असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यात हात अधिक सैल सुटतो असे ऐकले होते, आणि माझा अनुभवही तसाच आहे. पेरणीच्या तोंडावर गेलो असतो तर गरजवंत म्हणून मीच वाकलो असतो.

कर्जाच्या बाबतीत मी जवळजवळ फसलो होतो. ‘शून्य टक्के व्याज, 48 हप्ते’ हे ऐकायला गोड होते, पण रोखीने घेतल्यास आठ टक्के सूट होती आणि ती या योजनेत मिळणार नव्हती. सोडलेली सूट व्याज म्हणून मोजली तर या ‘शून्या’चा दर वर्षाला चार टक्क्यांहून थोडा अधिक पडत होता. तो वाईट नव्हता, पण शून्यही नव्हता. दुसऱ्या डीलरने सहा टक्क्यांचा दर सांगितला तो सरळ व्याजाचा, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या रकमेवरच. चार वर्षांच्या मुदतीत उतरत्या शिलकेवर तोच दर अकराच्या आसपास जातो. मासिक हप्ता किती परवडेल हे मी एकाही ठिकाणी सांगितले नाही. तो आकडा एकदा हाती लागला की विक्रेता किमतीवर बोलतच नाही, मुदत वाढवून हप्ता बसवून देतो. जुन्या ट्रॅक्टरचा विषयही नव्याची किंमत कागदावर आल्यानंतरच काढला, नाहीतर एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने परत घेतली जाते.

आता वापरातून कळलेले. पहिली सर्व्हिसिंग 50 तासांवर झाली. मजुरी मोफत होती, परंतु ऑइल आणि फिल्टरचे पैसे माझ्याकडे होते, हे मी आधी विचारलेच नव्हते. बिलात मेकॅनिकच्या येण्याजाण्याचा खर्चही लावला होता. मी सहीचे पान पुढे केले, त्याने डीलरला फोन लावला, दोन मिनिटे नुसते ‘हो, हो’ म्हटले आणि पेनाने ती ओळ खोडली.

पुढच्या बाजूची वजने मात्र माझ्या यादीतूनच सुटली होती. जड नांगर उचलला की पुढची चाके हलकी होत आणि स्टेअरिंग हातात असूनही ट्रॅक्टर वळायला तयार होत नसे, हे धोक्याचेच होते. तो संच नंतर त्याच डीलरकडून पूर्ण किमतीत घ्यावा लागला. सौद्याच्या वेळी मागितला असता तर त्याने बहुधा खळखळ न करता दिला असता, कारण तेव्हा तो मोफत छत देण्यासाठी स्वतःहून पुढे आला होता आणि त्या छताची किंमत ‘सवलत’ म्हणून दोनदा मोजून दाखवत होता. ते छत झाडांच्या फांद्यांना अडकत असल्यामुळे महिनाभरातच काढून ठेवले असून सध्या त्यावर रिकामी पोती वाळत असतात.